व्हिजिटिंग कार्ड आणि फेंगशुई: कोणता नियम कुठून आला, आणि कोणता पाळण्यात अर्थ आहे?

कामठीत नवं दुकान उघडलं की पाटीपाठोपाठ व्हिजिटिंग कार्ड छापायला जातं. १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी छावणी टाकली आणि तिच्याभोवती हे गाव वाढलं. गावात कोण कोण येऊन वसलं ते कार्डांच्या माथ्यावर वाचता येतं. कुणाच्या कार्डावर '॥ श्री ॥' असतं, कुणाच्या '७८६', तर कुणाच्या 'जय भीम'. (हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते बाबू हरदास कामठीचेच.) आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे त्यात फेंगशुईची भर पडली आहे. लोगो आग्नेय कोपऱ्यात घ्या, नाव लाल रंगात छापा, कार्डाचं माप 'शुभ' ठेवा, नंबरात ४ नको. असा सल्ला आणि डिझाइन एकत्र विकणारेही भेटतात. पैसे देण्याआधी हे नियम आले कुठून ते पाहून घ्या.

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. ही चिनी विद्या मुळात कबरीची आणि घराची जागा निवडण्याची. तिचा आधारग्रंथ मानलं जाणारं 'जांगशू' हे पुस्तक चौथ्या शतकातल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर सांगितलं जातं, आणि त्याचा विषय दफनभूमी हा आहे. डोंगर कुठे, पाणी कुठे, वारा कुठून, हे बघून जागा ठरवायची. खिशातल्या कार्डाला ते नियम लावणं ही अगदी अलीकडची जोड आहे.

कोपऱ्यांचा घोळ

फेंगशुईत आग्नेय दिशा धनाची मानतात. इथपर्यंत ठीक. पण कार्डावर आग्नेय कुठे? आपण शाळेत नकाशा शिकलो तो उत्तर वर ठेवून, त्यामुळे आपली आग्नेय खाली उजवीकडे येते. जुन्या चिनी आकृत्यांत मात्र दक्षिण वर असते. म्हणजे पूर्व डावीकडे, आणि आग्नेय वर डावीकडे. चिनी पद्धतीनं धनाचा कोपरा वरचा डावा, आणि आपला डिझायनर लोगो ठेवतो खालच्या उजव्या कोपऱ्यात. वास्तुशास्त्रानं पाहिलं तर आग्नेय अग्नीची, आणि धनाचा देव कुबेर उत्तरेला. एका कार्डावर तीन उत्तरं. आणि कार्ड हातात घेऊन फिरवलं की सगळ्याच दिशा फिरतात, ते वेगळंच.

तत्त्वांचंही तसंच. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिनी पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. त्यांत वायू नाही, आकाश नाही. लाकडाचा रंग हिरवा, अग्नीचा लाल, मातीचा पिवळा, धातूचा पांढरा किंवा सोनेरी, पाण्याचा काळा किंवा निळा. लाकडातून अग्नी, अग्नीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून लाकूड अशी साखळी मानतात. म्हणून फर्निचरवाल्याला हिरवा सुचवतात आणि सराफाला सोनेरी. पण 'पंचतत्त्वानुसार रंग' म्हणून जे तक्ते फिरतात, त्यांत दोन्ही याद्यांची खिचडी झालेली असते.

मापाची पट्टी

मला यात सगळ्यात रंजक वाटतो तो 'शुभ माप' हा प्रकार. त्यामागे खरोखरच एक जुनी चिनी पट्टी आहे. सुतारांचा आद्यगुरू मानल्या जाणाऱ्या लू बान याच्या नावाची ही पट्टी दारं-खिडक्यांसाठी वापरतात. सध्या मिळणाऱ्या टेपवर ती साधारण ४२.९ सेंमीची असते आणि तिचे आठ सारखे भाग, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५.३६ सेंमीचे. पहिला भाग धनाचा, दुसरा आजाराचा, तिसरा ताटातुटीचा, चौथा पुन्हा चांगला.

आता आपलं नेहमीचं साडेतीन बाय दोन इंचांचं कार्ड मोजू. दोन इंच म्हणजे ५.०८ सेंमी, पडलं धनात. साडेतीन इंच म्हणजे ८.८९ सेंमी, पडलं आजारात. चीनमध्ये सर्रास चालणारं कार्ड ९ बाय ५.४ सेंमीचं, त्याच्या तर दोन्ही बाजू आजारात! धनाचा भाग ५.३६ ला संपतो आणि पुढचा चांगला भाग थेट १६ सेंमीनंतर सुरू होतो. म्हणजे खिशात मावणारं कुठलंही आडवं कार्ड या पट्टीवर दोन्ही बाजूंनी शुभ ठरूच शकत नाही. लहानसं चौकोनी कार्ड करा, नाहीतर लग्नपत्रिकेएवढं.

त्याच टेपवर खाली दुसरी पट्टी असते, ३८.८ सेंमीची आणि दहा भागांची. ती कबरी आणि पितरांच्या देव्हाऱ्यासाठी. तिच्यावर निकाल उलटा लागतो: दोन इंच हानीत, साडेतीन इंच भरभराटीत. सल्लागारानं 'शुभ माप' सांगितलं, तर पट्टी कोणती ते विचाराच.

चार, आठ आणि लाल शाई

चिनी भाषेत चार आणि मृत्यू हे शब्द जवळपास सारखे ऐकू येतात, फक्त सूर वेगळा. आठचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ ला रात्री ८ वाजता ठेवलं, ते याच समजुतीतून. मराठीत चारमध्ये असं काही ऐकू येत नाही. आपल्याकडे वेद चार, आर्यसत्यं चार. बिघाडा होतो तो तीन तिघाडांत. आहेराच्या पाकिटात आपण वरचा एक रुपया घालतो, तो चिनी माणसाला कळणार नाही. तसाच त्याचा चार आपल्याला लागू नाही. जुन्या ग्राहकांच्या तोंडी बसलेला नंबर चारपायी बदलला, तर नुकसान मात्र खरंखुरं होईल.

लाल नावाची गोष्ट तर उफराटीच आहे. चीनमध्ये लाल रंग शुभ, पण जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहिणं अशुभ मानतात. 'नाव लाल रंगात छापा' हा सल्ला खुद्द तिथे कुणी देणार नाही.

कामठीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं १९९९ मध्ये उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आहे. नावात ड्रॅगन असला तरी फेंगशुईशी त्याचा संबंध नाही. फेंगशुईच्या दुकानात मिळणारा 'लाफिंग बुद्धा' हाही गौतम बुद्ध नव्हे. तो बूदाई नावाचा दहाव्या शतकातला, पोट सुटलेला चिनी भिक्खू. श्रद्धेनं कार्डावर बुद्ध छापायचे असतील, तर डिझायनर हे चित्र चिकटवत नाही ना ते पाहा. तसंही कार्डं शेवटी कचऱ्यात किंवा पायाखाली जातात, म्हणून देवाचं किंवा बुद्धांचं चित्र न छापता नुसती अक्षरं ठेवलेली बरी.

मग पाळायचं काय?

फेंगशुईवाले सांगतात की कार्ड गच्च भरू नका, ऊर्जेला वाहायला जागा ठेवा. ऊर्जेचं सोडा, पण जागा जरूर ठेवा. ग्राहकाला नंबर पटकन सापडतो. कोपरे गोल करा म्हणतात. गोल कोपरे दुमडत नाहीत, हे खरं. सोनेरी रंग धातूचा म्हणून धन आणतो म्हणतात. चमकत्या सोनेरी पट्टीवर बारीक अक्षरं उजेडात वाचता येत नाहीत, आणि क्यूआर कोड तर स्कॅनच होत नाही. पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांचंही तेच.

'धनप्राप्तीचं चिन्ह' किंवा यंत्र छापण्याचे वेगळे पैसे कुणी मागितले, तर एक लक्षात ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं, चमत्कारी गुणांचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्ही जाहिराती राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा ठरवल्या. आवडीचा रंग निवडणं वेगळं आणि हमी देऊन चमत्कार विकणं वेगळं.

छापायला देण्याआधी मराठी मजकुराची प्रिंट कागदावर मागून घ्या. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, आणि स्क्रीनवर ते सुटून जातं. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मजकूर कडेपासून किमान तीन-चार मिलिमीटर आत ठेवायला सांगा, कारण कापताना कागद थोडा सरकतोच. प्रिंटवरचा नंबर स्वतः लावून बघा, क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासा, आणि घरातल्या चाळिशी लागलेल्या माणसाला चष्म्याशिवाय कार्ड वाचायला द्या. त्याला नंबर वाचता आला की हजार छापायला सांगा.