परिषदेनिमित्त पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी : शहरातील धर्मस्थळे व प्रेक्षणीय स्थळे

पुणे शहरात वर्षभर कोठे ना कोठे परिषद, परिसंवाद अथवा अभ्यासशिबिर चालू असते. नगर रस्त्यावरील रामवाडी येथे पेपल सेमिनरी व ज्ञानदीप विद्यापीठ आहे. त्याच भागात ईशवाणी केंद्र आहे. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक भाविक येथे सातत्याने येत असतात. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत अखेरच्या दिवशी दुपारी ‘स्थलदर्शन’ असा एकच शब्द छापलेला असतो. मग पाहुण्यांना बसमध्ये बसवून आगाखान पॅलेस, शनिवारवाडा आणि महात्मा गांधी रस्त्यावरील खरेदी असा फेरफटका घडविला जातो. पाहुणे समाधानाने परततात, पण पुण्यातील ख्रिस्तसभा म्हणजे कॅम्पातील इंग्रजी भाषिकांची ख्रिस्तसभा, अशी समजूत सोबत घेऊन. ‘तुमच्यातले मराठी ख्रिस्ती कोठे असतात?’ हा प्रश्न बसमध्ये हमखास विचारला जातो आणि सोबत गेलेला धर्मग्रामवासी उत्तर शोधत राहतो. पुढील माहिती त्या सोबत्याच्या हाती असावी म्हणून दिली आहे.

क्वार्टर गेटचे सिटी चर्च

वेळ अगदीच अपुरा असेल आणि एकच ठिकाण दाखविणे शक्य असेल, तर ते नाना पेठेतील निष्कलंक गर्भसंभव मातेचे मंदिर असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुणेकर त्याला सिटी चर्च म्हणतात. शहरातील हे पहिले ख्रिस्तमंदिर १७९२ साली उभे राहिले. त्यासाठी जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी. पेशव्यांच्या लष्करात त्या काळी गोमंतकीय व पोर्तुगीज ख्रिस्ती सैनिक होते. तोफखाना आणि कवायती पलटणी यांसाठी युरोपीय पद्धतीचे शिक्षण घेतलेली माणसे सर्वच दरबारांना हवी असत. या सैनिकांना उपासनेसाठी स्वतःचे स्थान नव्हते. पेशव्यांच्या चाकरीतील दोम मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याने त्यांच्या वतीने विनंती केली आणि ती मान्य झाली. मिस्साबलिदानासाठी धर्मगुरू गोव्याहून आले.

पाहुण्यांना ही हकीकत सांगताना सालावर विशेष भर द्यावा. १७९२ म्हणजे पुण्यावर इंग्रजांचा अंमल बसण्यापूर्वी २५ वर्षे. शनिवारवाड्यात पेशवे राज्य करीत होते, कारभार नाना फडणिसांच्या हाती होता आणि ज्या पेठेत हे मंदिर आहे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ख्रिस्ती श्रद्धा या शहरात इंग्रजांच्या छावणीबरोबर आली, असे पुष्कळ जण धरून चालतात. वस्तुस्थिती अशी की, ती येथे मराठी राज्याच्या चाकरांबरोबर आली आणि मराठी राज्यकर्त्याने दिलेल्या जमिनीवर स्थिरावली. मूळची वास्तू लहान होती. भाविकांची संख्या वाढल्यावर एकोणिसाव्या शतकात मोठे मंदिर बांधण्यात आले. मंदिराचा सण प्रतिवर्षी ८ डिसेंबरला येतो. त्या सुमारास परिषद असल्यास नोव्हेनाच्या एखाद्या संध्याकाळी पाहुण्यांना अवश्य न्यावे.

कॅम्पातील मंदिरे

१८१८ साली पेशवाई संपुष्टात आल्यावर लष्कर भाग वसला. इंग्रजी पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई मोठ्या संख्येने असत, म्हणून १८५० साली बांधलेल्या मंदिराला आयर्लंडचे आश्रयदाते संत पॅट्रिक यांचे नाव मिळाले. एम्प्रेस गार्डनच्या परिसरातील हे मंदिर आज पुणे धर्मप्रांताचे महामंदिर आहे. एक गोष्ट नव्या पिढीला सहसा माहीत नसते. त्या काळी सिटी चर्च गोव्याच्या पाद्रोआदो अधिकाराखाली होते, तर छावणीतील भाविक रोमहून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे होते. दोन मंदिरांतील अंतर चालत जाण्याजोगे, तरी अधिकार दोन, अशी ही स्थिती होती. पुणे धर्मप्रांताची स्थापना १ सप्टेंबर १८८६ रोजी झाली. जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी येथे दीर्घकाळ सेवा केली.

त्यांपैकी हेन्री डोरिंग यांचा उल्लेख मराठी पाहुण्यांसमोर टाळता येणार नाही. त्यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले आणि पुढे ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन धर्मगुरूंना भारतात राहणे अशक्य झाले. डोरिंग यांच्यावर १९२१ साली जपानमधील हिरोशिमाची जबाबदारी सोपविण्यात आली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले.

याच भागात अँग्लिकन परंपरेतील दोन मंदिरे आहेत. संत मेरी मंदिराचे समर्पण १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झाले. १८६७ चे संत पॉल मंदिर पॅरिसच्या सेंत शापेल या प्रसिद्ध प्रार्थनामंदिराच्या धर्तीवर बांधलेले आहे. जवळच लाल विटांचे ‘लाल देऊळ’ लक्ष वेधून घेते. ते डेव्हिड ससून यांनी उभारलेले ज्यू बांधवांचे ओहेल डेव्हिड सभास्थान होय. त्यांची समाधीही तेथेच आहे. येथे आत जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. सुरक्षेचे नियम कडक असल्याने आयत्या वेळी बस उभी करून विनंती करण्यात अर्थ नाही. खरेदीसाठी एम. जी. रोड व ईस्ट स्ट्रीट जवळच आहेत. श्रूजबेरी बिस्किटांसाठी पाहुण्यांचा आग्रह असतो, तो पुरवावा. मात्र रांगेत तासभर गेला तर पुढचे एक ठिकाण गळते, हे आधीच सांगून ठेवावे.

पंचहौद आणि चहाचा पेला

गुरुवार पेठेतील पवित्र नाम मंदिर पुणेकरांना पंचहौद मिशन म्हणून ठाऊक आहे. पाण्याच्या पाच हौदांवरून या भागाला हे नाव पडले. काउली फादर्स या अँग्लिकन संघाने हे मंदिर बांधले व १८८५ साली त्याचे समर्पण झाले. मंदिरापासून अलग उभा असलेला सुमारे १३० फूट उंचीचा इटालियन धाटणीचा घंटाघराचा मनोरा पेठांमधून दुरूनही दिसतो. त्यातील आठ घंटा इंग्लंडमधून आणलेल्या आहेत. १९७० पासून हे मंदिर उत्तर भारत ख्रिस्तसभेचे, म्हणजे सीएनआयचे आहे.

तथापि मराठी माणसाच्या स्मरणात पंचहौद राहिले आहे ते चहामुळे. १८९० साली येथील मिशनऱ्यांनी शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानास बोलावले आणि नंतर चहा व बिस्किटे पुढे केली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले ही मंडळी उपस्थित होती. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि शहरात गहजब उडाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा घेतल्यावरून ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावला.

क्वार्टर गेटची जमीन आणि पंचहौदचा चहा या दोन्ही गोष्टी पाहुण्यांना एकाच दुपारी सांगाव्यात, असे आम्ही सुचवू. एकीत शेजार दिसतो, दुसरीत दुरावा. फक्त पहिलीच सांगितली तर पुण्याचे चित्र गोड होते आणि फक्त दुसरीच सांगितली तर ते कडवट होते. पुण्यातील आपल्या पूर्वजांनी दोन्ही अनुभवले.

येथून महात्मा फुले यांचा गंज पेठेतील वाडा दूर नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. झारखंड, छत्तीसगड वा ओडिशातून आलेल्या पाहुण्यांना हा वाडा शनिवारवाड्यापेक्षाही अधिक बोलका वाटेल.

पेशव्यांचे शहर

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. उरले आहेत ते दिल्ली दरवाजा, तटबंदी, जोती आणि कारंजी. म्हणून ‘राजवाडा’ पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्यांचा हिरमोड होतो. तो होऊ नये यासाठी सोबत्याने नारायणरावांच्या वधाची (१७७३) कथा तयार ठेवावी. जवळच ग्रामदैवत कसबा गणपती व लाल महाल आहेत. सध्याची लाल महालाची वास्तू अलीकडची आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. मंदिरांत पादत्राणे बाहेर काढणे, छायाचित्रासाठी आधी विचारणे, एवढे सौजन्य आपले पाहुणे पाळतातच.

बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय आम्हाला फार आवडते. दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला. अडकित्ते, दिवे, दौती, खिडक्या-दारे, वाद्ये अशा घरगुती वस्तूंतून महाराष्ट्राचे दैनंदिन जीवन येथे उलगडते. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकात कोरलेले आहे. ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या. वरून सारे शहर दिसते.

पेठांमधील दोन शांत जागा

शनिवार पेठेतील स्नेहसदन हे येशूसंघीय केंद्र बसच्या फेरीत कधीच नसते. फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी जुन्या पुण्याच्या अगदी मध्यभागी, वाड्यांच्या शेजारी, आंतरधर्मीय संवादासाठी ते उभारले. लेदर्ले जन्माने जर्मन होते, परंतु आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांच्याच पिढीतील फ्रेंच येशूसंघीय गी दलरी यांचा विठोबाच्या उपासनेवरील अभ्यास १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. ‘निरोप्या’चे प्रकाशनही पुढे स्नेहसदनशी जोडले गेले.

शिवाजीनगर येथे ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली सुरू केलेल्या संघाचे हे घर. तरुण व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात. पुढे १९७० च्या दशकात कॅथलिक व अँग्लिकन भगिनींनी येथे एकत्र आश्रमजीवन सुरू केले. सिस्टर सारा ग्रँट यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. दोन्ही ठिकाणी आधी कळवून जावे.

रामवाडीच्या आसपास

परिषद रामवाडीतच असेल तर पाहुणे स्वतःच एका ऐतिहासिक वास्तूत उतरलेले असतात, हे त्यांना सांगायचे राहून जाते. पोप तेरावे लिओ यांनी भारतीय धर्मगुरू घडविण्यासाठी पेपल सेमिनरी स्थापन केली ती श्रीलंकेतील कँडी येथे. भारताच्या तारणाचे सेवक भारताचेच सुपुत्र असावेत, हा त्यामागील विचार होता. १९५५ साली ती पुण्यात आली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ च्या भारतभेटीत १० फेब्रुवारीला पुण्यास भेट दिली. ज्यांनी त्यांना त्या दिवशी पाहिले असे आजी-आजोबा आपल्या धर्मग्रामांत आजही आहेत; अशा एखाद्याला बसमध्ये सोबत घेतल्यास मार्गदर्शकाची वेगळी गरज उरत नाही.

नगर रस्त्यावरच आगाखान पॅलेस आहे. ९ ऑगस्ट १९४२ नंतर गांधीजींना येथे स्थानबद्ध केले होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निवर्तल्या. दोघांच्या समाधी आवारात आहेत. येथे पाहण्यापेक्षा थोडा वेळ शांत बसणे योग्य. वीस मिनिटांत आटोपण्याची ही जागा नव्हे.

शहराबाहेर एक दिवस

पूर्ण दिवस मोकळा असेल तर आळंदी व देहू ही जोडयात्रा करावी. आळंदीस संत ज्ञानेश्वरांची समाधी (१२९६) आहे, देहू हे तुकोबांचे गाव. केरळ वा गोव्याच्या पाहुण्यांना यात ख्रिस्ती संबंध काय, असे वाटेल. त्यांना सांगावे की, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ज्या ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ती ओवी ज्ञानदेवांनी घडविलेली आहे.

दुसरा मार्ग केडगावचा. दौंड तालुक्यातील या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळात सापडलेल्या मुली व विधवा यांना त्यांनी येथे आसरा दिला, हाताला उद्योग दिला आणि स्वतः बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. धर्मभगिनींचा गट असेल तर आम्ही आळंदीपेक्षा केडगाव आधी सुचवू.

प्रवासाविषयी थोडेसे

पेठांमध्ये मोठी बस नेऊ नये. रस्ते अरुंद आहेत आणि वाहन उभे करण्यास जागा मिळत नाही. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की कसबा पेठ व मंडई ही स्थानके लागतात. शनिवारवाडा, कसबा गणपती, लाल महाल तेथून पायी होतात. क्वार्टर गेट व पंचहौदसाठी मंडईहून रिक्षा करावी. अर्ध्या दिवसात तीन ठिकाणे पुरेत. सिटी चर्च, पंचहौद व फुले वाडा ही आमची निवड. संध्याकाळ उरल्यास आगाखान पॅलेस, पण तेथील प्रवेश सायंकाळी लवकर बंद होतो, हे ध्यानात ठेवून. मंदिरांत मिस्साच्या वेळी गट नेऊ नये. धर्मग्रामाच्या कार्यालयात एक दिवस आधी दूरध्वनी केल्यास कोणीतरी दार उघडण्यास व माहिती सांगण्यास उपस्थित राहते.