शौकिनांचें वाद्य : गिटार

सतराव्या शतकांत लंडनच्या आरमार-कचेरींत सॅम्युअल पीप्स नांवाचा एक अधिकारी होता. बाप शिंपी, परंतु मुलगा विद्येच्या आणि कर्तबगारीच्या जोरावर थेट राजदरबारापर्यंत पोंचला. १६६० च्या जानेवारीपासून १६६९ च्या मे-अखेरपर्यंत त्यानें लघुलिपींत एक रोजनिशी लिहिली. तींत त्यानें लढाया लिहिल्या, प्लेगची साथ लिहिली, स्वतःचीं लफडींहि लिहिलीं. आणि या सर्वांच्या मधून मधून संगीताविषयीं लिहिलें. तो स्वतः व्हायल, ल्यूट व फ्लॅजोलेट नांवाची लहान बांसरी वाजवी. १६६६ सालीं लंडनला आग लागली तेव्हां लोक घरांतील चीजवस्तु नावांत भरून टेम्स नदींतून पळत होते. त्या गडबडींतहि त्याच्या नजरेनें टिपलें कीं, दर तीन नावांपैकीं एकींत तरी व्हर्जिनल नांवाची पेटी आहे. ज्या शहरांतील माणसें आगींतून आपलें वाद्य अगोदर बाहेर काढतात, त्या शहराला संगीताची हौस नव्हती असें कोण म्हणेल?

अशा या रसिक गृहस्थानें ५ ऑगस्ट १६६७ रोजीं एक विलक्षण शेरा लिहून ठेविला. राजबंधु ड्यूक ऑफ यॉर्क यांची भेट घेऊन परत येतांना त्यांच्या दालनांत त्याला एक इटालियन वादक गिटारीच्या तारा जुळवीत असलेला दिसला. हा वादक म्हणजे प्रसिद्ध फ्रान्चेस्को कॉर्बेट्टा, असें इतिहासकार मानतात. सोबतच्या गृहस्थाच्या सांगण्यावरून कॉर्बेट्टानें पीप्सला कांहीं वाजवून दाखविलें. वादन अप्रतिम होतें, हें पीप्सनें मोकळेपणानें मान्य केलें. पण एवढे कष्ट अशा भिकार वाद्यावर खर्ची पडावे, याचें त्याला मनस्वी वाईट वाटलें!

हा तुच्छभाव पीप्स एकट्याचा नव्हता. त्याला पूर्वपीठिका होती. सोळाव्या शतकांतील स्पेन देशांत दोन बहिणींसारखीं दोन वाद्यें होतीं. थोरली विव्हेला, सहा जोडतारांची. तिचा मान सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यांत. धाकटी गिटार, आकारानें लहान व चारच जोडतारांची. विव्हेलेसाठीं व्हॅलेन्सियाच्या दरबारांतील लुईस मिलान यानें १५३६ मध्यें एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. ज्यानें पूर्वीं कधीं वाद्याला हात लाविला नाहीं, अशा माणसाला सोप्याकडून कठिणाकडे नेणारा हा ग्रंथ होता. सहा तारांसाठीं सहा रेघा आणि कोणत्या पडद्यावर बोट ठेवावयाचें त्याचे आंकडे, अशी त्याची लिपि होती. स्वरज्ञान नसलें तरी अंकज्ञान पुरे. दहा वर्षांनीं, १५४६ मध्यें, अलोन्सो मुदारा या संगीतकारानें आपल्या मोठ्या ग्रंथांत गिटारीसाठीं पांचसहा चिजा दिल्या. गिटारीचें छापील संगीत प्रथम दिसतें तें येथेंच.

पुढें विव्हेला मागें पडली. १६११ सालीं कोव्हारुबियास नांवाच्या पंडितानें आपल्या स्पॅनिश शब्दकोशांत याबद्दल हळहळ व्यक्त केली. त्याच्या मतें गिटार म्हणजे गाईच्या गळ्यांतील घंटा. वाजविण्यास इतकी सोपी कीं, तबेल्यांतला प्रत्येक पोऱ्या गिटारवाला झाला आहे. कोशकारानें ही तक्रार म्हणून नोंदली. परंतु ज्या वाद्याला तबेल्यांतला पोऱ्या आपलें म्हणतो, त्याला राजाश्रय सुटल्याचें भय उरत नाहीं. विव्हेला दरबाराबरोबर गेली. गिटार राहिली, ती या पोऱ्याच्या हातीं राहिली.

पोऱ्याच्या हातीं ती कशी आली, हें त्याच सुमारास निघालेल्या एका छोट्या पुस्तकावरून कळतें. लेखक होआन कार्लोस आमात हा पेशानें वैद्य. त्याचें पुस्तक १५९६ सालचें मानतात आणि तें पुढें सुमारें दोन शतकें पुनःपुन्हां छापलें जात होतें. तोंपर्यंत गिटारीला पांचवी जोडतार मिळालेली होती. आमातनें डाव्या हाताच्या बोटांच्या ठराविक मांडण्या घेऊन त्यांना आंकडे दिले. एका आंकड्याची मांडणी धरावयाची, उजवा हात सर्व तारांवरून एकदम फिरवावयाचा, कीं पुरा स्वरमेळ उमटतो. मग दुसरा आंकडा. १६०६ मध्यें इटलींत मोन्तेसार्दो यानें हेंच काम अक्षरांनीं केलें. आठपंधरा दिवसांत माणूस आपल्या गाण्याला आपलीच साथ करूं लागतो, ही सोय दुसऱ्या कोणत्याहि वाद्यांत नव्हती. ल्यूट वाजविणारा अर्धें आयुष्य तारा जुळविण्यांतच घालवितो, अशी थट्टा युरोपांत होत असे. व्हायलला सोबती लागत. पेटी उचलून नेतां येत नसे. गिटार भिंतीवर खुंटीला टांगावी, संध्याकाळीं काढून मांडीवर घ्यावी. तिचा आवाज बेताचा. शेजाऱ्याची झोंपमोड होत नाहीं. उस्तादांच्या दृष्टीनें हा दोष असेल. एकट्या माणसाच्या दृष्टीनें तो गुणच होय.

ही गोडी राजांनाहि लागली. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा स्वतः गिटार छेडीत असे. राजा रिझला म्हणतांच दरबारांतील प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या हातीं गिटार आली. तिच्यांतून सूर कसे निघत हा प्रश्न निराळा. कॉर्बेट्टानें १६७१ मध्यें आपला मोठा संग्रह याच राजाला अर्पण केला. फ्रान्सचा चौदावा लुई हाहि शौकीन. रॉबेर द व्हिझे हा वादक रात्रीं त्याच्या शय्येजवळ बसून वाजवी. राजे झाले तरी या बाबतींत ते शौकीनच होते.

आतां पुन्हां पीप्सकडे वळलें पाहिजे, कारण त्याची गोष्ट त्या शेऱ्यापाशीं संपली नाहीं. १६६९ मध्यें डोळे जातील या भीतीनें त्यानें रोजनिशी बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पत्नी वारली. मूलबाळ नव्हतें. कामाचा व्याप मात्र वाढत गेला. अशा स्थितींत, १६७५ च्या सुमारास, लिस्बन येथील एका व्यापारी मित्राच्या शिफारशीनें त्यानें चेझारे मोरेली नांवाचा संगीतज्ञ आपल्या घरीं ठेवून घेतला. मोरेलीनें मालकासाठीं गीतें लिहून काढण्यास आरंभ केला. तीं पीप्सच्याच गळ्याच्या पट्टीस जुळवून घेतलेलीं होतीं, आणि त्यांच्या साथीला वाद्य होतें गिटार! ज्या वाद्यावर मेहनत वायां जाते असें त्यानें लिहिलें होतें, तेंच वाद्य घेऊन हा चाळिशी उलटलेला अधिकारी आतां शिष्य होऊन बसला. हा मतपालट कोणत्या दिवशीं झाला हें सांगणारी रोजनिशी तेव्हां उरली नव्हती. वहींत निंदा राहिली आणि प्रेम वहीबाहेर राहिलें.

या हौसेची किंमतहि त्याला मोजावी लागली. मोरेली हा रोमन कॅथॉलिक. १६७८ मध्यें, कॅथॉलिक लोक राजाचा खून करण्याचा कट रचीत आहेत, अशी हूल इंग्लंडांत उठली आणि देशभर भीतीचें व द्वेषाचें वारें सुटलें. कॅथॉलिकांना लंडन सोडावें लागलें. मोरेली शहराबाहेर ब्रेंटवुड येथें राहूं लागला. पीप्सच्या शत्रूंना हें निमित्त पुरेसें होतें. त्याच्याच घरांतील जॉन जेम्स नांवाचा एक नोकर गैरवर्तनावरून पूर्वीं कामावरून निघाला होता आणि तें गैरवर्तन मोरेलीनें उघडकीस आणिलें होतें. त्या नोकरानें आतां साक्ष दिली कीं, हा संगीतज्ञ नसून वेषधारी जेझुइट पाद्री आहे. त्यावर आणखी फितुरीचे आरोप रचले गेले आणि मे १६७९ मध्यें पीप्सची रवानगी लंडनच्या टॉवर तुरुंगांत झाली. त्या दिवसांत अशा आरोपाखालीं माणसें फांसावर जात होतीं. जुलैंत तो जामिनावर सुटला. पण खटल्याची टांगती तलवार जून १६८० पर्यंत डोक्यावर होती. पुढें तो नोकर मरणाच्या दारीं असतांना सर्व खोटें होतें अशी कबुली देऊन गेला.

एवढ्या संकटानंतर एखाद्यानें गवयाचें नांव टाकलें असतें, गिटारहि अडगळींत टाकली असती. पीप्सनें तसें केलें नाहीं. मोरेलीशीं त्याचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि ब्रेंटवुडहून गीतें येत राहिलीं. पीप्सनें तीं बांधून घेऊन आपल्या ग्रंथांत ठेविलीं. तीन हजार ग्रंथांचा त्याचा संग्रह १७२४ मध्यें केंब्रिजच्या मॉड्लिन कॉलेजांत आला. ज्या रोजनिशींत गिटारीला भिकार म्हटलें आहे ती, आणि गिटारीसाठीं लिहिलेल्या या गीतांचे ग्रंथ, दोन्हीं तेथें आजहि एकाच संग्रहांत नांदत आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन सहा एकेरी तारांची गिटार आली आणि १८२० नंतर पॅरिसला तिचें वेडच लागलें. सोर, कारुल्ली, आग्वादो असे एकाहून एक वादक तेथें जमले. मारेस्को नांवाच्या वादकानें काढलेल्या एका पुस्तकांत विनोदी चित्र आहे : कारुल्ली व मोलिनो या दोन गुरूंचे चेले हातघाईवर आले असून गिटारींनींच एकमेकांस बदडीत आहेत. आपल्याकडील घराण्यांचा अभिमान या थरापर्यंत गेला नाहीं, हें तंबोऱ्यांचें सुदैव. १८३३ मध्यें लंडनांत तर केवळ गिटारीस वाहिलेलें एक मासिक निघालें.

या गर्दींत दोन माणसें अशीं होतीं कीं, ज्यांना लोकांनीं गिटारीसाठीं ओळखलें नाहीं. निकोलो पागानिनी हा व्हायोलिनचा बादशहा. पण गिटारीसाठीं त्यानें शंभराहून अधिक चिजा लिहिल्या, आणि त्या लोकांपुढें क्वचित्च वाजविल्या. व्हायोलिन पोटासाठीं व कीर्तीसाठीं होतें. गिटार स्वतःसाठीं होती. दुसरा एक्तोर बर्लिओझ. शेंकडों वाद्यांचा मेळ हांकणाऱ्या या संगीतकाराला पियानो धड येत नव्हता. लहानपणीं शिकला तो बांसरी आणि गिटार. इटलींत असतांना हा गिटार घेऊन सुबियाकोच्या डोंगरांत भटके. वाद्यमेळावरील आपल्या ग्रंथांत त्यानें लिहून ठेविलें कीं, जो स्वतः गिटार वाजवीत नाहीं त्याला तिच्यासाठीं नीट लिहितां येणार नाहीं. पॅरिसच्या संगीत-संग्रहालयांत ग्रोबेर नांवाच्या कारागिरानें केलेली एक गिटार आहे. ती आधीं पागानिनीच्या व मग बर्लिओझच्या हातीं होती. तिच्या तबलीवर दोघांच्या शाईनें केलेल्या सह्या आहेत.

नंतर घरोघर पियानो आला आणि गिटार मागें सरली. याच पडत्या काळांत स्पेनमधील सेव्हिल शहरांत आंतोनियो दे तोर्रेस नांवाचा सुतार तिचें रूप घडवीत होता. गिटारीचा आवाज तबलींतून, म्हणजे पोटावरच्या पातळ फळींतून निघतो, ही त्याची खूणगांठ. तबलीच्या आंतून त्यानें पंख्याच्या काड्यांप्रमाणें सात बारीक पट्ट्या बसविल्या. आणि आपलें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं १८६२ मध्यें पाठ व बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या लावून एक गिटार केली. १८६९ मध्यें तारुण्यांत पदार्पण करणाऱ्या फ्रान्सिस्को तार्रेगाला त्याचें एक वाद्य मिळालें. पण एवढ्यानें कारागिराचें घर चालेना. तोर्रेसला पुढें अल्मेरियाला चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान घालावें लागलें आणि गिटारी फावल्या वेळांत होऊं लागल्या. करणारा आणि वाजविणारा, दोघेहि हौशीच ठरले.

लंडनांत १९२९ सालीं गिटारीच्या शौकिनांनीं एक मंडळ काढलें. त्याचा प्रवर्तक बोरिस पेरॉट हा रशियांतून आलेला डॉक्टर. वैद्य आमातच्याच पेशाचा माणूस. १९४० नंतरच्या दशकांत त्याच्याकडे एक मुलगा शिकावयास येऊं लागला. मुलाचा बाप जाहिरातींचीं चित्रें काढून पोट भरी आणि हौस म्हणून गिटार वाजवी. मुलाला पहिले धडे त्यानेंच दिले, आणि अकराव्या वाढदिवसाला एक लहानशी, तांतीच्या तारांची स्पॅनिश गिटार आणून दिली. हा मुलगा म्हणजे ज्युलियन ब्रीम. १९५१ मध्यें विग्मोर हॉलमध्यें त्याचें वादन झालें आणि पुढें त्याची कीर्ति जगभर झाली. परंतु त्याआधीं तो ज्या नामांकित संगीत-विद्यालयांत दाखल झाला, तेथें गिटार हा विषयच नव्हता. त्याला पियानो व चेलो शिकविण्यांत आलीं, आणि गिटार इमारतींत आणूं नये अशी समज देण्यांत आली. तो दिवसा पियानोवर बसे, आणि गिटार घरीं त्याची वाट पाहत असे.