बहुस्पर्शी जेश्चर (ट्रॅकपॅड)

लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर एकाच वेळी दोन किंवा अधिक बोटे टेकवून, सरकवून अथवा जवळ-दूर करून संगणकाला दिलेल्या आज्ञेस बहुस्पर्शी जेश्चर असे म्हणतात. दोन बोटांनी पान वर-खाली सरकवणे, दोन बोटांच्या चिमटीने चित्र लहान-मोठे करणे, तीन बोटांनी उघड्या खिडक्या एकत्र पाहणे आणि चार बोटांनी एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. ट्रॅकपॅडला टचपॅड असेही संबोधले जाते.

नव्या लॅपटॉपवर ही जेश्चर कधी चालतात व कधी चालत नाहीत, अशी अडचण पुष्कळदा उद्भवते. दोष नेहमीच यंत्रात असतो असे नाही. बोटांच्या स्पर्शाचे आज्ञेत रूपांतर होईपर्यंत तो अनेक टप्प्यांतून जातो व त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर बोटांची मोजदाद चुकू शकते. त्यामुळे लॅपटॉप बदलून घ्यावा, दुरुस्तीस द्यावा की केवळ एखादे सेटिंग बदलावे, हे ठरवण्यापूर्वी चूक कोणत्या टप्प्यावर होते हे शोधणे आवश्यक ठरते.

इतिहास

इ.स. १९८३ मधील गॅव्हिलन एससी या सुवाह्य संगणकात कळफलकाच्या वरच्या बाजूस स्पर्शपट्टी होती. जॉर्ज गर्फाइड यांनी इ.स. १९८८ मध्ये धारितेवर आधारित टचपॅड विकसित केला. ॲपल कंपनीने हे तंत्रज्ञान परवान्याने घेऊन इ.स. १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत वापरले. त्यानंतर लॅपटॉपमधील ट्रॅकबॉल मागे पडत गेला. फेडेरिको फॅगिन व कार्व्हर मीड यांनी इ.स. १९८६ मध्ये स्थापन केलेली सिनॅप्टिक्स ही कंपनी पुढे टचपॅडची प्रमुख उत्पादक बनली.

सुरुवातीचे टचपॅड एका बोटाच्या हालचालीपुरते मर्यादित होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांनी अनेक बोटांच्या स्पर्शावर संशोधन केले. जॉन इलायस यांच्यासह त्यांनी फिंगरवर्क्स ही कंपनी स्थापन केली व इ.स. २००५ मध्ये ती ॲपलने विकत घेतली. त्याच वर्षी ॲपलच्या पॉवरबुकमध्ये दोन बोटांनी स्क्रोल करण्याची सोय आली. इ.स. २००८ च्या आरंभी मॅकबुक एअरमध्ये चिमटा, फिरवणे व तीन बोटांनी सरकवणे ही जेश्चर आली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात काचेच्या ट्रॅकपॅडसह चार बोटांची जेश्चर उपलब्ध झाली.

विंडोज संगणकांत प्रत्येक उत्पादकाचा ड्रायव्हर वेगळा असल्याने एकच जेश्चर निरनिराळ्या लॅपटॉपवर निरनिराळे वागत असे. ही विसंगती कमी करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने इ.स. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅड हे मानक आणले. त्यात टचपॅडने केवळ स्पर्शबिंदूंची माहिती पाठवायची आणि जेश्चर ओळखण्याचे काम विंडोजने करायचे, अशी विभागणी आहे. लिनक्सवर हेच काम लिबइनपुट या घटकाकडे आले. इ.स. २०२१ मध्ये ग्नोम ४० या आवृत्तीत तीन बोटांची जेश्चर समाविष्ट झाली.

कार्यपद्धती

बहुस्पर्शी जेश्चर पूर्ण होण्यासाठी चार टप्पे पार पडावे लागतात.

१. संवेदक : ट्रॅकपॅडच्या पृष्ठभागाखाली आडव्या व उभ्या विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. विद्युतप्रभार साठवण्याच्या क्षमतेस धारिता म्हणतात. बोट जवळ येताच त्या ठिकाणच्या छेदबिंदूची धारिता बदलते. प्रत्येक छेदबिंदू स्वतंत्रपणे मोजला गेला, तर प्रत्येक बोटाचे स्थान वेगळे कळते. काही जुन्या टचपॅडमध्ये मात्र सर्व बोटांना सामावणाऱ्या आयताचे केवळ दोन कोपरे कळतात. अशा टचपॅडला बोटांची संख्या सांगता आली, तरी प्रत्येक बोटाचे नेमके स्थान सांगता येत नाही.

२. फर्मवेअर : टचपॅडमधील नियंत्रक या मोजमापांतून स्पर्शबिंदू वेगळे करतो व प्रत्येकाला क्रमांक देतो. दोन बोटे एकमेकांना अगदी चिकटून असल्यास त्यांचा एकच मोठा ठिपका बनू शकतो. मग तीन बोटे टेकवूनही नोंद दोनच बोटांची होते.

३. ड्रायव्हर : स्पर्शबिंदूंची माहिती संचालन प्रणालीपर्यंत पोहोचवण्याचे काम ड्रायव्हर करतो. तळहाताचा वा टेकलेल्या अंगठ्याचा स्पर्श वगळण्याचे काम फर्मवेअर, ड्रायव्हर किंवा संचालन प्रणाली यांपैकी कोठेही होऊ शकते.

४. संचालन प्रणाली व उपयोजन : किती बोटे, कोणत्या दिशेने व किती अंतर सरकली यावरून जेश्चर ठरते व ते खिडक्यांच्या व्यवस्थापकाकडे किंवा चालू असलेल्या उपयोजनाकडे पाठवले जाते.

जेश्चर ओळखताना प्रणालीला काही क्षण थांबावे लागते, कारण तीनही बोटे एकाच क्षणी टेकत नाहीत. पहिली दोन बोटे आधी टेकून सरकू लागली, तर प्रणाली त्यास स्क्रोल समजते व मागाहून आलेले तिसरे बोट दुर्लक्षित राहू शकते. बोटांच्या संख्येबरोबर अशा चुकांची शक्यताही वाढते.

अनियमिततेची कारणे

पृष्ठभाग आणि बोटे

नव्या लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर वाहतुकीसाठी लावलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा अनेकदा काढलेला नसतो. पापुद्रा किंवा नंतर चिकटवलेली शोभेची फिल्म यांमुळे बोट व जाळी यांतील अंतर वाढते आणि संकेत क्षीण होतो. ओलावा व घाम हेही विद्युतवाहक असल्याने त्यांचे डाग स्पर्शासारखे भासू शकतात. याउलट फार कोरड्या किंवा घट्टे पडलेल्या बोटांचा संकेत दुर्बळ असतो. लहान आकाराच्या ट्रॅकपॅडवर चार बोटे टेकवताना करंगळी कडेबाहेर जाते. तसेच कडेलगत सुरू झालेला स्पर्श तळहाताचा समजून वगळला जाण्याची शक्यता असते.

विद्युतपुरवठा

चार्जर जोडलेला असतानाच जेश्चर बिघडत असतील, तर चार्जरमधून येणारा नॉइझ, म्हणजे नको असलेले विद्युत संकेत, हे संभाव्य कारण असते. धारितेतील अत्यंत सूक्ष्म बदल मोजताना या संकेतांची भर पडली की दर्शक थरथरतो, बोटे मध्येच उचलली गेल्यासारखी नोंद होते किंवा खोटे स्पर्श उमटतात. लॅपटॉपला अर्थिंग मिळत नसल्यास हा त्रास वाढतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर वापरल्यास अर्थिंगची जोडणी तुटते. धातूच्या आवरणाला हात लावल्यावर हलकी झिणझिणी जाणवणे हे त्याचे एक लक्षण होय.

ड्रायव्हर व बायोस

योग्य ड्रायव्हर नसल्यास काही टचपॅड साध्या माउसप्रमाणे काम करतात. दर्शक हलतो व टिचकी मारता येते, मात्र बहुस्पर्शी जेश्चर चालत नाहीत. संचालन प्रणाली नव्याने बसवल्यानंतर हा प्रकार आढळतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये टचपॅडसाठी बेसिक व ॲडव्हान्स्ड असे दोन पर्याय असतात. बेसिक निवडलेले असल्यास असाच परिणाम दिसतो.

सेटिंगमधील परस्परविरोध

एकच हालचाल दोन कामांसाठी नेमलेली असल्यास जेश्चर अनियमित भासते. मॅकओएसमध्ये तीन बोटांनी वस्तू ओढण्याची सोय चालू केल्यावर तीन बोटांच्या इतर हालचाली चार बोटांवर जातात. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या वापरकर्त्याला मिशन कंट्रोल बंद पडल्यासारखे वाटते. दोन बोटांनी आडवे सरकवल्यास काही ब्राउझर मागील पानावर जातात, तर त्याच हालचालीने रुंद तक्ता आडवा सरकणे अपेक्षित असते.

निदान

निदानाचे मुख्य तत्त्व एका वेळी एकच गोष्ट बदलणे हे होय. ‘कधी कधी चालत नाही’ या तक्रारीपेक्षा मोजलेली नोंद अधिक उपयुक्त असते. एकच जेश्चर दहा वेळा करून त्यांपैकी किती वेळा यशस्वी झाले व चुकल्यास त्याऐवजी काय घडले, हे लिहून ठेवता येते. तीन बोटे सरकवल्यावर पान स्क्रोल झाले, तर एक बोट मोजले गेले नाही किंवा उशिरा मोजले गेले, असा अर्थ होतो. काहीच घडले नाही, तर स्पर्श वगळला गेला असावा अथवा त्या हालचालीस कोणतेही काम नेमलेले नसावे.

यानंतर पुढील क्रमाने चाचणी घेता येते :

* लॅपटॉप बंद करून पापुद्रा काढणे, पृष्ठभाग किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून कोरडा करणे व हात कोरडे करणे.
* बोटांमध्ये थोडे अंतर ठेवून, ती एकाच वेळी व ट्रॅकपॅडच्या मध्यभागी टेकवून पाहणे.
* चार्जर काढून केवळ बॅटरीवर तीच दहा वेळांची चाचणी घेणे. फरक पडल्यास दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर पुन्हा पाहणे.
* बाहेरून जोडलेला माउस, हब व अन्य उपकरणे काढणे.
* जेश्चरची सेटिंग मूळ स्थितीवर आणणे व जेश्चर बदलणारी अतिरिक्त सॉफ्टवेअर बंद करणे.
* संचालन प्रणाली, ड्रायव्हर व फर्मवेअर अद्ययावत करणे. अद्ययावत केल्यानंतरच बिघाड सुरू झाला असल्यास आधीच्या ड्रायव्हरवर परतणे.
* शक्य असल्यास यूएसबीवरून दुसरी संचालन प्रणाली चालवून पाहणे. दोन्ही प्रणालींत तोच दोष त्याच जागी दिसल्यास तो हार्डवेअर वा फर्मवेअरमध्ये असण्याची शक्यता बळावते. दुसऱ्या प्रणालीत जेश्चर सुरळीत चालल्यास दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असतो.

संचालन प्रणालीनुसार वैशिष्ट्ये

विंडोज : विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ब्लूटूथ व उपकरणे या विभागात टचपॅडचे पान असते. तीन व चार बोटांच्या हालचालींची कामे तेथे ठरवता येतात. संवेदनशीलतेच्या चार पातळ्या असून त्या प्रामुख्याने टंकलेखन करताना होणारे चुकीचे स्पर्श टाळण्यासाठी आहेत. पातळी कमी ठेवल्यास टंकलेखनानंतर लगेच केलेले जेश्चर दुर्लक्षित राहू शकते. तीन व चार बोटांचे पर्याय या पानावर दिसतच नसल्यास टचपॅड प्रिसिजन प्रकारचा नाही किंवा त्याचा योग्य ड्रायव्हर बसलेला नाही, असे अनुमान करता येते.

मॅकओएस : ट्रॅकपॅडच्या सेटिंगमध्ये प्रत्येक जेश्चर स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येते. तीन बोटांनी ओढण्याचा पर्याय मात्र ॲक्सेसिबिलिटी विभागात असतो. बाहेरचा माउस जोडल्यावर अंगभूत ट्रॅकपॅड दुर्लक्षित करण्याचा पर्यायही तेथेच आहे. तो चालू राहिल्यास ट्रॅकपॅड पूर्णपणे निकामी झाल्याचा भास होतो.

लिनक्स : येथे जेश्चरचे वर्तन डेस्कटॉप व दर्शन प्रणाली या दोहोंवर अवलंबून असते. ग्नोमची अंगभूत तीन बोटांची जेश्चर वेलँड सत्रात चालतात. त्यामुळे ग्नोमच्या काही जुन्या आवृत्त्यांत एकाच संगणकावर लॉगिनच्या वेळी एक्स ११ सत्र निवडल्यास ती नाहीशी होत असत. लिबइनपुटच्या घटना-निरीक्षक साधनाने प्रत्येक जेश्चर किती बोटांचे मोजले गेले, हे थेट पाहता येते. तेथे तीन बोटांची नोंद अचूक येत असेल, तर संवेदक व ड्रायव्हर ठीक असून दोष डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

हार्डवेअरमधील दोष

ट्रॅकपॅडच्या ठरावीक पट्ट्यात स्पर्श न उमटणे, बोट नसतानाही दर्शक हलणे, झाकण उघडमिट केल्यावर वर्तन बदलणे ही हार्डवेअरमधील दोषाची लक्षणे होत. आतील चपटी केबल सैल असणे किंवा जाळीतील एखादी पट्टी खंडित असणे ही त्याची कारणे असू शकतात. हमीच्या काळात लॅपटॉप स्वतः उघडल्यास हमीबाबत वाद निर्माण होऊ शकतो.

ट्रॅकपॅड एका बाजूने वर उचललेला दिसणे, टिचकी अचानक कडक होणे किंवा तळाचे आवरण फुगणे ही खालील बॅटरी फुगल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी लॅपटॉपचा वापर व चार्जिंग ताबडतोब थांबवून तो अधिकृत सेवाकेंद्राकडे न्यावा लागतो. फुगलेली बॅटरी दाबल्यास वा तिला छिद्र पडल्यास आग लागण्याचा धोका असतो.

नवा लॅपटॉप बदलून देण्याची विक्रेत्याची मुदत सहसा हमीच्या काळापेक्षा पुष्कळच कमी असते. म्हणून वरील चाचण्या खरेदीनंतर लगेच करणे हिताचे ठरते. बिघाडाचे चित्रीकरण, चाचण्यांची लेखी नोंद व खरेदीची पावती यांचा तक्रारीस आधार मिळतो. भारतात सदोष वस्तूबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

पर्यायी मार्ग

बहुतेक जेश्चरना कळफलकावरील पर्याय उपलब्ध असतात. उघड्या खिडक्या एकत्र पाहण्यासाठी विंडोजमध्ये विंडोज कळ व टॅब, मॅकओएसमध्ये कंट्रोल व वरचा बाण, तर ग्नोममध्ये सुपर कळ वापरली जाते. हातांना कंप असणाऱ्या किंवा बोटे एकाच वेळी टेकवणे अवघड जाणाऱ्या व्यक्तींना हे पर्याय कायमस्वरूपी उपयोगी पडतात. इतरांनाही दुरुस्ती होईपर्यंत काम चालू ठेवण्यासाठी त्यांचा आधार होतो.

हे सुद्धा पहा

* टचस्क्रीन
* माउस
* लॅपटॉप
* संचालन प्रणाली