दगडावर कोरलेला हिशेब

स्मरणिकेत ताळेबंद शेवटच्या पानावर असतो आणि तो बहुधा कोणी वाचीत नाही. मीही वाचीत नसे. पुढे मंडळाची चिटणीस झाल्यावर ही खोड मला चांगलीच भोवली. ती हकीकत ओघाने येईलच. तत्पूर्वी भगिनींना एका अशा देवळात घेऊन जावयाचे आहे, की ज्याचा जमाखर्च वहीत नसून भिंतीवर आहे, आणि हजार वर्षे लोटली तरी तो वाचता येतो.

हे देऊळ तंजावरच्या बृहदीश्वराचे. तंजावर आपल्याला परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि 1803 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या कुळाचा इतिहास ह्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला. इतक्या दूर देशी ती देवनागरी अक्षरे दिसली, की आपल्याकडची यात्रेकरू बाई हरखून जाते. परंतु त्याच्याही सुमारे आठशे वर्षे आधी तेथे तामिळ अक्षरांत जे कोरले गेले, ते संस्था चालविणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजराज चोळ हा सम्राट 985 ते 1014 पर्यंत गादीवर होता. 1010 च्या सुमारास देऊळ पुरे झाले. त्याने आज्ञा केली, की आपण दिलेले, आपल्या वडील बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले दान विमानाच्या दगडावर कोरावे. ही बहीण म्हणजे कुंदवै. शिलालेखात तिच्यासाठी जो शब्द आहे तो आपल्या ‘अक्का’चाच सख्खा भाऊ. एवढ्या मोठ्या सम्राटाने स्वतःच्या पाठोपाठ अक्काचे नाव घातले, आणि राण्यांचे व इतरेजनांचे दानही त्याच भिंतीवर आले, हे मला त्या उत्तुंग शिखराइतकेच मोठे वाटते.

आता नोंदी कशा आहेत पाहा. दागिना दिला, एवढे लिहून भागलेले नाही. त्याचे वजन किती, मोती किती, त्यांतले वाटोळे किती, ओबडधोबड किती, रत्नाला कोठे भोक वा चीर आहे, हे सारे लिहिले आहे. वजने-मापेही देवळाची स्वतःची ठरलेली, त्यांना देवाचेच नाव दिलेले. उद्या खजिनदार बदलला आणि दागिना मोजावयाची वेळ आली, तर वाद होण्यास जागाच ठेवली नाही.

नंदादीपाची व्यवस्था तर घरसंसार करणाऱ्या बाईला चटकन समजेल. एका दिव्यामागे 96 मेंढ्या, अथवा 48 गाई, अथवा 16 म्हशी असा हिशेब धरून ती जनावरे धनगर-गवळ्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी एका दिव्यापुरते ठरीव माप तूप रोज आणून द्यावयाचे. अशा मेंढ्यांना तामिळ लेखांतून ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे म्हटलेले आढळते. मेंढी का मरत नाही? मरते, पण तिच्या जागी कोकरू वाढते आणि कळपाची संख्या तीच राहते. मुद्दलाला हात न लावता उत्पन्नावर काम चालवावे, हे तत्त्व यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

रोकड रकमेचेही तसेच. देवाचा पैसा पेटीत कोंडून न ठेवता गावोगावच्या सभांना व्याजाने दिला जाई. दर सालाचा दर शेकडा साडेबारा. कोणत्या गावाने किती रक्कम घेतली आणि तिच्या व्याजातून काय करावयाचे, हे कोरलेले आहे. देवाच्या स्नानाच्या पाण्याला सुगंध यावा म्हणून वेलदोडे, चाफ्याच्या कळ्या व वाळा यांसाठीही वेगळी तजवीज आहे. रक्कम लहान असो वा मोठी, तिचे काम तिच्या नावावर बांधलेले होते.

माणसांची नोंदही अशीच काटेकोर. देवळाच्या सेवेला 400 स्त्रिया होत्या. प्रत्येकीचे नाव, ती मूळच्या कोणत्या देवळातून आली, तिचे घर कोणत्या आळीत व कितवे, हे सारे लिहिले आहे. प्रत्येकीला वर्षाला 100 कलम भात. गवई, वाजंत्री, शिंपी, कुंभार, परीट, सोनार, हिशेबनीस असे इतर सेवेकरी निराळे. कोणी मरण पावले वा सोडून गेले, तर जागा जवळच्या नातलगाने चालवावी. तो लायक नसल्यास लायक माणूस नेमावा, असा नियम होता. एका माणसावाचून काम अडू नये, ही काळजी त्यात स्पष्ट दिसते.

तथापि जुने ते सारेच सोने, असे म्हणून हात जोडून बसणे बरे नव्हे. देवळाची संपत्ती काही अंशी स्वाऱ्यांतून आलेली होती. जिंकलेल्या सिंहलद्वीपातील गावेही त्याला लावून दिली होती. त्या चारशे जणींना राजाज्ञेने तंजावरला आणले. त्यांना कोणी विचारले होते का, हे भिंत सांगत नाही. कांचीपुराजवळ उत्तरमेरूर येथील देवळाच्या भिंतीवर 919 ते 921 च्या सुमाराचे ग्रामसभेचे नियम आहेत. समित्यांवरील माणसे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, चिठ्ठी लहान मुलाने काढावी, मुदत 360 दिवसांची असावी, आणि ज्याने पूर्वी काम करून हिशेब दिला नाही तो, इतकेच नव्हे तर त्याचे नातलगही, बाद समजावेत. नियम किती चोख! पण उमेदवार जमीनधारक असावा, अशी अट होती. स्त्रियांनी दाने द्यावीत, दिवे लावावेत. चिठ्ठीत मात्र त्यांचे नाव नाही. तेथे जी जागा आपल्याला नव्हती, ती आज मंडळाच्या रूपाने आपल्या हाती आहे. म्हणूनच ती नीट सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच.

आता माझी हकीकत. आपल्या एका वृद्ध भगिनींनी गरजू मुलींच्या फीसाठी काही रक्कम मंडळाकडे ठेवली. त्या वेळी चिटणीस मी होते. सर्वांना ठाऊकच आहे म्हणून मी इतिवृत्तात केवळ ‘देणगी मिळाली’ एवढेच लिहिले. पुढे त्या निवर्तल्या, मी आजारपणामुळे वर्षभर येऊ शकले नाही, आणि नव्या मंडळींना ती रक्कम कशासाठी होती हे कळेना. कोणी हॉलच्या रंगाला वापरू म्हणाले, कोणी सहलीला. वाद नको म्हणून ती तशीच पडून राहिली. त्या वर्षी शेजारच्या चाळीतील एका मुलीचे कॉलेज फीअभावी सुटले. तिची आई आपल्याकडे येऊन विचारून गेली होती. पैसे होते, व्याजही होते. फक्त एक ओळ नव्हती. त्या मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातले खरे, पण तिचे गेलेले वर्ष मी परत देऊ शकत नाही.

राजराजाची चुलत आजी शेंबियन महादेवी हिने विधवापणी कितीतरी विटांची देवळे दगडात बांधून काढली. जुन्या भिंती पाडताना त्यांवरील पूर्वीच्या लोकांच्या दानाचे लेख तिने नव्या भिंतीवर पुन्हा उतरवून घेतले. नवे बांधणाऱ्याला आपले नाव मिरविण्याचा मोह होतोच. तिने आधीच्यांचे नाव आधी राखिले. कार्यकारिणी बदलते तेव्हा आपण नेमके हेच विसरतो.

आणि लिहून ठेवण्याचे फळ कधी मिळेल ते सांगता येत नाही. देवळाच्या कारभाऱ्याने राजराज व राणी लोकमहादेवी यांच्या धातूच्या मूर्ती दिल्या, त्यांची उंची हात आणि बोटे यांच्या मापाने कोरलेली आहे. काळाच्या ओघात मूर्ती देवळातून नाहीशा झाल्या. 2018 साली पोलिसांनी त्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मूर्ती गुजरातेतून तंजावरास परत आणल्या. मूर्ती गेल्या, तरी माप भिंतीवर राहिले होते.

आपल्याला दगड नको. दोनशे पानांची एक जाड वही पुरे. रक्कम कोणी दिली, कशासाठी दिली, मुद्दल किती, व्याज कोठे गेले, आणि किल्ली आज कोणाकडे आहे, एवढे तीत असावे. वर्षातून एकदा ती सभेत मोठ्याने वाचली जावी. पहिल्या पानावर त्या वृद्ध भगिनींच्या देणगीची नोंद मी माझ्या हाताने केली आहे, या वेळी हेतूसह. वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. येत्या सभेला ती अवश्य पाहावी, आणि हो, शेवटच्या पानावरचा ताळेबंदही वाचावा.