कात्री, पेटी आणि यादी

काशीत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढून वरच्या गल्लीत शिरावे, तो दोनचार दारे ओलांडण्यापूर्वीच मराठी कानांवर पडते. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकर काशीवासास आले, त्यांनी येथे घाट बांधविले, आणि पुढे वैदिक, उपाध्ये, कारकून यांच्या कुळांनी हा परिसर आपलासा केला. त्या वस्तीतील एक तरुण लग्ने, मुंजी आणि गणेशोत्सव यांचे चित्रण करून चरितार्थ चालवितो. मागच्या खेपेस त्याने मला विचारले, "काका, संकलनासाठी ॲपलचा संगणक घेऊ की विंडोजचा?" वर्षभराची पुंजी एका पेटीवर लावावयाची होती, तेव्हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. मजजवळ इतिहासाखेरीज देण्यासारखे काही नव्हते. तोच, श्रोतेहो, आज आपणांपुढे मांडतो.

यंत्राच्या निवडीचा हा पेच आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनाही पडला होता. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करून पाहिले, मग चांगले यंत्र निवडण्यास साहाय्यही केले. फाळक्यांनी विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेतला, आणि त्यासोबत फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र. कारण कोरी फीत तेव्हा भोकांवाचूनच येई. ती भोके अंधाऱ्या खोलीत बसून पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. घरची स्वयंपाकपाणी, कामगारांची जेवणे आटोपल्यावर हे काम! याच काशीत स्वतःस विकणाऱ्या राजाची कथा अशा रीतीने ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आली.

या भोकांपाशी थोडे थांबले पाहिजे. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत आणि प्रत्येक चौकटीस चार भोके, हे माप १९०९ साली पॅरिसच्या परिषदेत सर्वांनी मान्य केले होते. त्यामुळे कॅमेरा कोणाचा, फीत कोणाची, प्रक्षेपक कोणाचा, याला महत्त्व उरले नाही. संकलकास कात्री आणि चिकटद्रव्य पुरे. पुढे १९२४ साली अमेरिकेत आयव्हन सेरूरिए यांनी मूव्हिओला यंत्र आणले, पडद्याऐवजी लहानशा भिंगातून चित्र पाहण्याची सोय झाली. पण फीत तीच, कापही तोच. एका यंत्रावर अर्धवट राहिलेले काम दुसऱ्यावर नेण्यास कोणाची अनुज्ञा लागत नसे.

संगणक आला आणि हे बदलले. १९७१ साली सीएमएक्स कंपनीने चकत्यांवर साठविलेली चित्रे हवी तशी मागेपुढे जुळविणारे यंत्र केले. ते महाग, आणि चित्रे काळीपांढरी. १९८९ मध्ये ॲव्हिडचे यंत्र मॅकिंटॉश संगणकावर चालू लागले, आणि व्यावसायिक संकलकांच्या खोलीत ॲपलचे ठाण पक्के झाले. पण येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 'फायनल कट' ही प्रणाली मॅक्रोमीडिया कंपनीत दोन्ही जातींच्या संगणकांसाठी घडत होती. १९९८ साली ॲपलने ती विकत घेतली, आणि १९९९ मध्ये ती बाहेर पडली ती केवळ ॲपलसाठी. उलट ॲडोबीने २००३ साली 'प्रीमियर प्रो' काढली ती केवळ विंडोजसाठी, आणि २००७ मध्ये पुन्हा दोघांसाठी. संकलकाच्या सोयीने यातले किती ठरले असेल, हे आपणच पाहावे.

२०११ च्या जूनमध्ये तर कहरच झाला. 'फायनल कट'ची नवी आवृत्ती आली आणि जुन्या आवृत्तीत बांधलेली कामे तिला उघडेनात. वर्षानुवर्षांचे श्रम कपाटात सुरक्षित, आणि किल्ली मात्र लागेना! पुष्कळ संकलक तेव्हा दुसऱ्या प्रणालीकडे गेले. काही हट्टी निघाले. २०१९ च्या 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाचे संकलन त्या जुन्याच सातव्या आवृत्तीवर झाले, आणि ऑस्करच्या संकलन-पारितोषिकासाठी त्याचे नामांकनही झाले. जुन्या हत्याराची मला यापरती शिफारस ठाऊक नाही. पण त्यासाठी जुना संगणकही जपावा लागतो, कारण २०१७ पासून ॲपलच्या नव्या कार्यप्रणालीवर ती आवृत्ती चालेनाशी झाली.

त्या तरुणास मी म्हटले, पेटी कोणतीही घे. वेगाचा फरक दोन वर्षांत पुसला जातो. प्रणाली मात्र दोन्हीकडे चालणारी पाहा. 'दा विंची रिझॉल्व्ह' ॲपल, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि तिची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. आणि काम संपले की त्याची साधी यादीही काढून ठेव: कोणते दृश्य, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत. ही यादी लिहिण्याची रीत सीएमएक्सचीच. तीत रंगसंस्कार येत नाहीत, गुंतागुंतीचे थर येत नाहीत. पण ती निव्वळ अक्षरांत असते आणि डोळ्यांनी वाचता येते. सीएमएक्स कंपनी केव्हाच लयास गेली. तिची यादी आजही ॲव्हिड, प्रीमियर आणि रिझॉल्व्ह ही तिन्ही वाचतात.

त्याने विचारले, "यादी कागदावर उतरवून ठेवली तर चालेल?" त्याच्या आजोबांच्या उपाध्येपणाच्या वह्या त्याच खोलीत, लाल फडक्यात बांधलेल्या होत्या. मी म्हटले, चालेल.