तीन चाकांची गाडी वळणावर का कलंडते? ऑटोपासून रिलायंट रॉबिनपर्यंत

उमरखेडहून ढाणकीला किंवा पोफाळीला जायचं, एसटीला वेळ आहे, मग आपण सरळ ऑटोत बसतो. मागे चौघं, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक जण आणि टपावर पोतं. सरळ रस्त्यावर काहीच वाटत नाही, पण वळणावर ब्रेक लागला की पोटात गोळा येतो. ती भीती खोटी नाही, कारण तीन चाकांच्या गाडीचं तोलाचं गणितच वेगळं असतं. ते समजलं की कुठे बसायचं आणि कोणत्या ऑटोत बसायचंच नाही, हे तुम्हीच ठरवू शकता.

मुळात तीनच चाकं का?

कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेली मोटारगाडी तीनचाकीच होती. वळताना पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या कोनात वळावं लागतं, कारण आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. पुढे एकच चाक ठेवलं की ही भानगडच उरत नाही. गाडी स्वस्त पडते आणि अरुंद गल्लीतही वळते.

आपल्याकडेही हेच झालं. बजाजला 1959 मध्ये दुचाकी आणि तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला. स्कूटरचंच तंत्र, स्कूटरसारखंच हँडल आणि मागे दोन चाकं, असा आपला ऑटो तयार झाला. 1977 मध्ये इंजिन मागे असलेलं मॉडेल आलं. त्याच्याही आधी, 1958 मध्ये, बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने 'हॅन्सिएट' ही मालवाहू तीनचाकी आणली. तिचं इंजिन थेट पुढच्या चाकावर बसवलेलं होतं आणि ताकदही त्याच चाकाला मिळायची. 'टेम्पो' हा शब्द त्या जर्मन ब्रँडच्या नावावरूनच आपल्या तोंडी बसला. तीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

तोलाचा त्रिकोण

चाकं जिथे जमिनीला टेकतात ते बिंदू जोडा. चारचाकीचा आयत होतो, ऑटोचा त्रिकोण. गाडीच्या एकूण वजनाचा जोर या आकृतीच्या आत पडतो तोवर गाडी उभी राहते. बाहेर गेला की कलंडते.

समजा, ऑटोच्या पुढच्या चाकापासून मागच्या एक्सलपर्यंत 2 मीटर अंतर आहे आणि मागच्या दोन चाकांमध्ये 115 सेंमी. वजनाचा मध्य पुढच्या चाकापासून 1.3 मीटरवर असेल, तर तिथे त्रिकोणाची रुंदी साधारण 75 सेंमी भरते. ड्रायव्हरशेजारी माणसं बसली आणि तो मध्य 20 सेंमी पुढे सरकला, तर रुंदी उरते फक्त 63 सेंमी. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीला मात्र पूर्ण 115 सेंमी मिळतात.

आता वळणावर ब्रेक दाबला तर? वजनाचा जोर एकाच वेळी पुढे आणि बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, म्हणजे त्रिकोण जिथे निमुळता आहे नेमका तिकडे. त्यात टपावरच्या पोत्यामुळे वजनाचा मध्य वर गेलेला असतो. तो जितका उंच, तितक्या कमी वेगात गाडी उलटते.

पुढे दोन, मागे एक

ब्रिटनच्या मॉर्गन कंपनीने शंभर वर्षांपूर्वीच उलटी मांडणी केली होती: पुढे दोन चाकं, मागे एक. यात ब्रेक मारल्यावर वजन रुंद बाजूकडे जातं, त्यामुळे गाडी जास्त स्थिर राहते. मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सची 'आर3' ही इलेक्ट्रिक गाडीही याच मांडणीची आहे. तोटा असा की पुढच्या दोन चाकांसाठी स्टिअरिंगची पूर्ण जोडणी लागते आणि मागे माणसं किंवा माल भरायला जागा कमी पडते. म्हणून ऑटोला ही मांडणी परवडत नाही.

1973 ची ब्रिटिश 'रिलायंट रॉबिन' मात्र ऑटोसारखीच, पुढे एक चाक असलेली. 'टॉप गिअर'च्या व्हिडिओत ती दर वळणावर उलटताना तुम्ही पाहिली असेल. ती सहज उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये मुद्दाम बदल करून घेतला होता, हे जेरेमी क्लार्कसनने नंतर स्वतःच सांगितलं. गाडी तोलाला कच्ची होती, पण व्हिडिओत दिसते तेवढी नाही.

रिव्हर्सची गंमत

1955 च्या जर्मन 'मेसरश्मिट केआर200' मध्ये वेगळा रिव्हर्स गिअर नव्हता. टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलट दिशेने सुरू करायचं, की चारही गिअर मागे जायला मिळायचे! इलेक्ट्रिक ऑटोही असंच काहीसं करतो: मोटर उलटी फिरवली की झालं रिव्हर्स. शिवाय जड बॅटरी सीटखाली किंवा तळाशी असली तर वजनाचा मध्य खाली येतो, हा तोलाच्या दृष्टीने फायदा.

बसण्याआधी हे बघा

- नेहमीच्या लहान ऑटोचा परवाना ड्रायव्हर सोडून 3 प्रवाशांचा असतो. ड्रायव्हरशेजारची 'सीट' ही सीट नाहीच. तिथे बसणारा सगळ्यांचाच तोल कमी करतो.
- जड सामान टपावर नको, पायाशी ठेवा.
- वळणावर बाहेरच्या बाजूला झुकू नका.
- तुम्ही स्वतः चालवत असाल तर ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावा. वेग आधीच कमी करून मग वळा.
- ऑटो खच्चून भरलेला दिसला तर पुढच्याची वाट बघा. दहा मिनिटं उशीर झालेला परवडतो.