भट्टीच्या उरल्या उबेत

सणाच्या ताटात कंदमुळांना मानाचे स्थान असावे, याचे आपल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल. परंतु फिनलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला भाजलेल्या हॅमशेजारी तीन साधी भांडी हमखास मांडलेली असतात. एकात लांट्टू नावाचा सलगमाच्या जातीचा पिवळसर कंद, दुसऱ्यात गाजर आणि तिसऱ्यात बटाटा. लांट्टू उकडून कुस्करतात, त्यात साय, अंडे, काकवीसारखा गडद पाक व जायफळ घालतात आणि वरून पावाचा चुरा भुरभुरून मंद आचेवर भाजतात. या प्रकाराला तेथे ‘लाटिक्को’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ पेटी!

या पदार्थांचा इतिहास पाककृतीत शोधण्यापेक्षा भट्टीत शोधावा, असे आम्हांस वाटते. पूर्व फिनलंडात दर आठवड्याला पाव भाजला जाई. पाव बाहेर काढल्यावर दगडी भट्टी तासन्‌तास ऊब धरून राही. ती ऊब वाया घालवणे कोणत्याच गृहिणीला परवडणारे नव्हते. पश्चिमेकडे राईचे पाव वर्षातून मोजक्या वेळा भाजून, दांडीला ओवून वाळवीत. त्यामुळे तिकडे भट्टीतले पदार्थ मुख्यतः सणाचे ठरले. हामे प्रांतातील बटाट्याची रीत तर विलक्षणच. कुस्करलेल्या बटाट्यात थोडे पीठ मिसळून ते काही तास कोमट ठेवायचे, की पिठातील पाचक द्रव्यांमुळे पिष्टाची साखर होते. साखरेवाचून गोडी! बटाटा फिनलंडात रुजला तो अठराव्या शतकात. त्यापूर्वी सलगमच घराघराचा आधार होता.

याच कुळातील ‘मॅम्मी’ आम्हां कॅथलिकांना अधिक जवळची वाटावी. राईचे पीठ व मोडाचे राईपीठ पाण्यात मुरवून, शिजवून, भूर्जसालीच्या द्रोणांत ती भाजत. मध्ययुगापासूनचा मानला जाणारा हा उपवासाचा पदार्थ गुड फ्रायडेच्या दिवशी थंडच खात, कारण त्या दिवशी चूल पेटवीत नसत. 1527 साली राजा गुस्ताव वासा याने व्हेस्टेरोस येथील सभेत ख्रिस्तसभेची मालमत्ता राजसत्तेखाली आणली. तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली असलेला फिनलंड पुढे लुथरपंथी झाला, उपवासाचे नियमही मागे पडले. मॅम्मी मात्र ईस्टरच्या मेजावरून हलली नाही. आज ती पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळते आणि त्या खोक्यावर भूर्जसालीचे चित्र छापलेले असते.

रोजच्या जेवणात मॅकरोनी व खिम्याचा लाटिक्को किंवा काळीज-तांदळाचा लाटिक्को असतो. दुसऱ्यात मनुका घालाव्यात की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. दुकानदार म्हणूनच दोन्ही प्रकार ठेवतात.

भट्टीतील आणखी एका भांड्याची कथा वेदनेची आहे. कारेलियात शनिवारी डुक्कर, गाय व मेंढी यांच्या मांसाचे तुकडे मीठपाण्यासह मडक्यात घालून रात्रभर उरल्या उबेत ठेवीत. रविवारच्या उपासनेहून परतल्यावर जेवण तयार असे. 1940 मध्ये आणि पुन्हा 1944 मध्ये कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांहून अधिक माणसांनी घरे, शेते, कबरी मागे टाकल्या. ज्या गावांत त्यांना आसरा मिळाला, तेथे परक्या भट्ट्यांत त्यांची मडकी शिजू लागली. शेजाऱ्यांनी ती चव उचलली आणि पदार्थाला नाव पडले ‘कारेलियन पाइस्ती’. कारेलियातील माणसे स्वतः त्याला नुसते ‘पाइस्ती’ म्हणत. आपल्या घरात असताना गावाचे नाव जोडण्याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.